काम संपेपर्यंत फक्त पाणी

फोन आला तेव्हा मी धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात होते. विमलताईंचे यजमान मधुकरराव बोलत होते. "मॅडम, विमल गेली..." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" पलीकडून हुंदका ऐकू आला. मग मला कळलं. चार दिवसांपूर्वीच तर रामदासपेठेतल्या दवाखान्यात भेटून आले होते. उशाशी चिकू, मोसंब्या, कुणी आणलेली आवळ्याची बरणी असं सगळं मांडून बसल्या होत्या. "आता मी सगळं घेते वं. मोकळी आहे ना," असं म्हणत त्यांनी माझ्यासमोर एक चिकू खाल्ला होता. त्या वाक्यावर आम्ही दोघी खूप हसलो. का हसलो, ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

विमलताई भोयर आमच्या भागाच्या नगरसेविका होत्या. एकच टर्म. आमच्या गल्लीतली गडरलाइन वर्षानुवर्षं तुंबायची, पावसाळ्यात घाण पाणी थेट उंबऱ्याशी यायचं. निवडून आल्यावर तीन महिन्यांत त्या स्वतः पाहायला आल्या. सँडल हातात घेऊन, साडी वर खोचून पूर्ण गल्ली फिरल्या. सासूबाई पहाटेपासून तयारीला लागलेल्या. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, ही त्यांची खासियत. गरम वड्यांची ताटली त्यांनी ताईंपुढे धरली. ताईंनी हात जोडले. "माय, मी कोणाच्याच घरी काही घेत नाही." सासूबाई ताटली घेऊन आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आम्ही बौद्ध. सासूबाई लहान असताना वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला आलेल्या. त्याआधी गावच्या विहिरीपाशी, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ओंजळ धरून उभ्या राहिलेल्या. "मी तुमच्या घरचं घेत नाही" हे वाक्य त्यांनी किती तोंडांतून ऐकलं असेल... मला राहवलं नाही. मी महापालिकेच्या शाळेतली मास्तरीण, नगरसेविकेपुढे जपून बोलायला हवं होतं. पण मी गल्लीच्या टोकाशी त्यांना गाठलं. "ताई, आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाले?"

त्यांचा चेहरा उतरला. "असं काहून म्हणतं वं? माहा नियम सगळ्याइसाठी सारखाच आहे."

"नियम सारखाच असते ताई. पण लागते तो काही लोकाइलेच."

त्या सँडल पायात सरकवून निघून गेल्या. आता काम होत नाही, असं घरच्यांनी मला ऐकवलं.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. सोबत कुणी नव्हतं. सरळ आत येऊन सासूबाईंसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माय, गडरचं काम होईस्तोवर मी तुमच्या घरचं खाणार नाही. पण मले तहान लागली आहे. पाणी द्या."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठल्या, तांब्या घासला, स्वच्छ असलेला तांब्या पुन्हा घासला, आणि माठातलं पाणी आणून दिलं. ताईंनी तो तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं.   त्यानंतर प्रत्येक घरी त्या आपणहून पाणी मागून घ्यायला लागल्या.

पुढे ओळख वाढली. एकदा मी विचारलं, इतका कडक नियम कशासाठी? तेव्हा त्यांनी सांगितलं. निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांच्यासह काही नगरसेवकांना अभ्यासदौऱ्याला नेलं होतं. थंड हवेचं ठिकाण, मोठं हॉटेल, जेवणात श्रीखंड. खर्च पंप पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचा. "त्यानं काही मागितलं नाही वं. एक शब्द नाही. परत आल्यावर त्याच्याच पंपाचा विषय बैठकीत आला. मले विचारायचं होतं, जुने पंप काहून जळून राहिले? प्रश्न जिभेवर होता. पण समोर तो बसला होता, मले 'ताई, श्रीखंड आवडलं ना' म्हणणारा... तोंडच उघडलं नाही." नंतर त्यांनी ऑफिसात जाऊन चौकशी केली, भेटी आणि पाहुणचाराबद्दल नगरसेवकांसाठी काय नियम आहेत? एक बाबू हसून म्हणाला, "साहेबांसाठी, अधिकाऱ्यांसाठी आहेत ताई. तुमचं तुम्हीच पाहा." म्हणून मग त्यांनीच पाहिलं.

हे सगळं सोपं नव्हतं आणि त्या नेहमी बरोबर होत्या असंही मी म्हणणार नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी टेम्पोतून फ्रिज पाठवला, तो त्यांनी मांडवाच्या दारातूनच परत केला. मधुकरराव पाहुण्यांसमोर ओशाळून उभे होते. ते ठीक. पण मी नेलेली साधी सुती साडीही त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. "तुझ्या बदलीचा अर्ज आमच्या समितीपुढे आहे वं." मला तो अर्ज आठवतही नव्हता! मी इतकी दुखावले की दोन महिने त्यांचा फोन उचलला नाही. बदली झाली नाही ती नाहीच. पक्षातले लोक तर उघड म्हणायचे, जी खात नाही ती खाऊही देत नाही. पुढच्या वेळी तिकीट मिळणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

गडरलाइन झाली. पहिल्या पावसाळ्यात उंबरा कोरडा राहिला तेव्हा सासूबाईंनी निरोप धाडला, काम झालं, आता तर या. ताई आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता तर बिलकुल नाही माय. आता खाल्लं तर ते कामाचं होईन." सासूबाई चिडल्या. "मी काय मरेस्तोवर थांबू?"

"खुर्चीवरून उतरेस्तोवर थांबा."

मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दारात स्कूटी थांबली. विमलताई आत आल्या, पाय धुतले, सासूबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "माय, आता मी कोणीच नाही. वाढा."

सासूबाईंनी त्या दिवशी मला चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, फिरकू दिलं नाही. सांबारवडी, वरणभात, वांग्याची भाजी, वर कढी. ताईंनी दोनदा भात घेतला. सासूबाई जेवल्याच नाहीत, नुसत्या ताईंचं जेवण पाहत राहिल्या. "पाच वर्षं उपाशी ठेवलं पोरीनं मले," एवढंच म्हणाल्या. वर्षभरानं सासूबाई गेल्या तेव्हा खांदा देणाऱ्यांच्या मागे विमलताई घाटापर्यंत पायी आल्या होत्या.

आता महाल भागातल्या ताईंच्या घराची पुढची खोली सकाळी आठला मधुकरराव अजूनही उघडतात. नावाची पाटी काढून खूप दिवस झाले, पण लोक येतात. कुणाचा जन्मदाखला, कुणाची पेन्शन. मी रविवारी जाऊन अर्ज लिहून देते. मागच्या रविवारी एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. त्यांच्या आईची पेन्शन सुरू झाली होती. मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही ना नगरसेवक ना कुणी. "घ्या ना," मी म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"तुम्हीच वाटा भाऊ," ते म्हणाले, "माह्या हाताले अजून जमत नाही."

त्या गृहस्थांनी बाकावर बसलेल्या प्रत्येकाला एकेक पेढा दिला, शेवटी आम्हा दोघांना. आम्ही तो खाल्ला. बराच वेळ दोघंही समोरच्या, ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळत होतो... मग पुढचा माणूस त्याचा कागद घेऊन आला.