उताणं पडून जोडलेल्या दोन केबल

त्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिचा चहा करायचा, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघायचं, मग पायी निघायचं. सहाला आम्ही जमिनीखालच्या प्रयोगशाळेत. मी पाइप जोडायचो, तो केबल. मापाशिवाय हात लावत नसे, म्हणून आम्ही त्याला मोजपट्टी म्हणायचो.

तिथे शिशाच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आदळवत. टक्कर अर्धवट झाली की तापलेला गोळा लांबट होतो. त्यात चार्मोनियम नावाचे कण तयार होतात आणि लगेच फुटतात. त्यांचे तुकडे कुठल्या दिशेला जास्त जातात, ते कण टिपणाऱ्या भिंतीएवढ्या चौकटींवर मोजायचं. या टकरी वर्षातून चारच आठवडे.

आठव्या दिवशी संशोधक बाई कँटीनमध्ये डोकं धरून बसल्या होत्या.

"एका दिशेला कण कमीच सापडतायत. असं होऊच शकत नाही."

"रजेवर गेले असतील," मी म्हणालो. मोजपट्टी हसला नाही. उठून गेला.

हत्यारांच्या खोलीत तो फरशीवर उताणा पडलेला सापडला, हात वर करून.

"काय रे, दमलास?"

"चूप. मोजू दे."

चौकटींचे आकडे पुढून रंगवलेले. त्याने केबल जोडल्या मागून, उताणं पडून. मागून डावं-उजवं बदलतं, म्हणून प्रत्येक आकडा मनात उलटा करायचा. पाळी संपताना एकदा केला नाही. सातच्या चौकटीची केबल नऊला गेली, नऊची सातला. तपासणीत दिवा लागला की केबल पास. ती कुठे गेली, ते दिवा सांगत नाही.

"तोंड शिवून बस," मी म्हणालो. "महिनाअखेरीला कंत्राट नवं होतंय. वहिनींचे डोळे करायचेत ना?"

"तेच तर." तो तासभर तसाच पडून होता. मग म्हणाला, "त्या बाई सापडणार नाही ते शोधत बसतील रे." आणि वर गेला.

बाईंनी संगणकात आकडे बदलले. आठ दिवसांची मोजणी वाचली. त्याला काढू नका, असं पत्रही त्यांनी दिलं. मुकादमाने ते घडी करून खिशात घातलं.

"चूक तुझीच ना? मग पत्र कशाला?"

नव्या यादीत त्याचं नाव नव्हतं. वय अठ्ठावन्न, गुडघे गेलेले. पाच ठिकाणी फिरला. कुणी आत बसा म्हणालं नाही.

शेवटचा पगार आणि होतं नव्हतं ते सगळं घालून वहिनींचा एक डोळा झाला.