झाकणावरची पट्टी

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तिच्याबद्दल चार पानं लिहून मागितली तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. तिला मी सहा वर्षं रोज पाहिलं, पण ओळखत होतो असं म्हणायची माझी छाती नाही. तिला भाऊ होता की बहीण, मला सांगता येणार नाही. तिची खोली मी एकदाच पाहिली, तीही दारातून. ती वारल्याचं मला महिन्याभरानं कळलं, तेही या मुलांकडूनच. ती जिथं वकिली शिकली त्या ऑफिसातला मी कारकून. टाइप करणं, फायली शिवणं आणि डब्यांवर पट्ट्या चिकटवणं हे माझं काम. पट्टीबद्दल मात्र मला सांगता येईल. सांगायलाच हवं, कारण त्यातली एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

आमचे मोठे वकील खाण्यापिण्याच्या मालाचे खटले चालवायचे. भेसळ, खोटी लेबलं, मुदत संपलेला माल. शिवाय नियम बदलावेत म्हणून सरकारला लांबलचक सूचना पाठवायचे. त्यांना उत्तर क्वचितच यायचं. ऑफिस म्हणजे छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. दिवसभर पायाखाली यंत्राची धडधड. कायदा शिकणारी मुलं सुट्टीत दोन महिने यायची, चहा प्यायची, प्रमाणपत्र घेऊन जायची. ती मात्र आली ती राहिली.

पहिल्या दिवशी मी तिच्यापुढे बिस्किटांचा पुडा ठेवला. तिनं तो उलटा केला, मागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मग एक बिस्किट उचललं. मोठे वकील दारात उभे राहून बघत होते.

"झालं वाचून? निकाल काय?"

"खायला हरकत नाही, सर."

तेव्हापासून तिला सगळे 'लेबल' म्हणू लागले. तिला राग आला नाही. तिच्या वडिलांचं छोटं वाणसामानाचं दुकान होतं आणि त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही. शाळेतून आली की ही फळ्यांवरचे पुडे वाचून मुदत संपलेला माल वेगळा काढायची. ती सवय राहून गेली होती.

पुढं तिला वकिलीची सनद मिळाली. काळा कोट घालून ती आली आणि मी उठून उभा राहिलो, म्हणालो, "या, बसा."

"काका, काल 'ये' आणि आज 'या'? कोट एवढा जड आहे का?"

मी काही तो 'या' सोडला नाही. तिनंही 'काका' सोडलं नाही.

आता लोक तिला धीट म्हणतात, म्हणून सांगतो. ती धीट नव्हती. तारखेच्या दिवशी तिचे हात गार पडायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून ती हाताला लागेल त्याचं लेबल पुटपुटत वाचायची. पाण्याची बाटली, खोकल्याच्या गोळ्या, एकदा तर माझ्या डिंकाची बाटली. मी स्वतः भित्रा माणूस, त्यामुळं मला ते लगेच कळायचं. दोन भित्री माणसं एका बाकावर बसली की एकमेकांना धीर देत नाहीत, नुसती बसून राहतात.

ते प्रकरण बाळांच्या दुधाच्या पावडरीचं होतं. तक्रार एका नर्सची. तिचं आठ महिन्यांचं बाळ आजारी पडलं आणि रक्तात शिसं निघालं. पावडरीवर संशय होता. अशा वेळी आमची पद्धत ठरलेली. दुकानातून एकाच बॅचचे तीन डबे घ्यायचे. डब्यावरचा बॅच नंबर वहीत लिहायचा. मग झाकणावरून खाली डब्यावर येईल अशी कागदाची पट्टी डिंकानं चिकटवायची आणि तिच्यावर दुकानदाराची, वकिलाची आणि माझी सही. एक डबा प्रयोगशाळेला, एक कंपनीला, एक आमच्या कपाटात. आमचा डबा उघडायचा तो कोर्टासमोर. आधी नोंद, मग पट्टी. वीस वर्षं मी हेच करत आलो होतो.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुकानदार सारखा म्हणत होता, "आटपा हो, गिऱ्हाईक परत चाललंय." चार माणसं बघत असली की माझे हात भराभर चालतात आणि डोकं बंद पडतं. लेबल पावती करून घेत होती, तेवढ्यात मी तिन्ही पट्ट्या लावून टाकल्या. सह्या झाल्या. संध्याकाळी वही उघडली तर बॅच नंबरचा रकाना कोरा. नंबर झाकणाच्या कडेला ठोकलेला होता, बरोबर माझ्या पट्टीखाली.

तिनं विचारलं तर सांगू, असं मी ठरवलं. तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पावडरीत शिसं होतं, मर्यादेच्या कितीतरी वर. तिथं त्यांनी आपल्या डब्याचा नंबरही लिहिला होता. पण कंपनीचं म्हणणं आलं की दुकानातून घेतलेला डबा तोच हे कशावरून? तुमच्या वहीत तर रकानाच कोरा आहे. आणि आम्हाला दिलेला डबा म्हणाल, तर तो गोदामात कुठंतरी आहे, सापडत नाही. सोमवारी सुनावणी. मोठे वकील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. पावडर अजून दुकानादुकानात होती. नर्स रोज फोन करून तेवढंच विचारायची, "अजून विकतात का हो?"

शनिवारी दुपारी लेबलनं कपाटातला डबा काढून टेबलावर ठेवला. वही तिच्यासमोर उघडी होती. मला वाटलं, आता विचारणार. पण ती वहीकडं बघतच नव्हती. ती पट्टीकडं बघत होती.

"काका, या डब्यावर दुसराच नंबर निघाला तर?"

"सोमवारी कोर्टात साहेबांसमोर उघडेल की."

"समोर उघडला आणि दुसरा निघाला तर खटला गेलाच म्हणायचा, पावडर विकतच राहणार." ती डबा गोल फिरवत होती. "नंबर इथं आहे. कागदाखाली. बोटाला लागतोय."

एवढं बोलून ती उठली आणि चहाच्या किटलीची वाफ पट्टीच्या कोपऱ्यावर धरली. दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. पण लिहिलेलं समोर असून न वाचणं तिला जमायचंच नाही. मी 'अहो' म्हणेपर्यंत कोपरा दोन बोटं वर आला होता. तिनं डोकं वाकडं करून वाचलं.

"तोच आहे, काका. तोच."

आणि मग कागद फाटला. दुकानदाराच्या सहीच्या मधोमध.

खालचं यंत्र धडधडत होतं. पुराव्याचं सील तोडणं म्हणजे काय ते मला समजावून सांगायला नको होतं. खटला जाणार, वर सनद जाणार. सनदेला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

"डिंक आहे," मी म्हणालो. "बसवून देतो. दिसणार नाही."

"नक्की दिसणार नाही?"

तिनं हे खरोखर विचारलं होतं. तिला लपवायचं होतं. मलाही. मी ब्रशच्या टोकानं डिंक लावला आणि सहीच्या रेघा जुळवल्या. वीस वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. तिनं डबा खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि कपाटात ठेवला. एकमेकांकडं न बघता आम्ही घरी गेलो.

रविवारी मी फाइल द्यायला तिच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. खाट, टेबल, दोरीवर कोट. ती पाठमोरी बसून वडिलांशी फोनवर बोलत होती. त्यांचा आवाज मोठा, मला बाहेर ऐकू येत होता.

"मुदत संपलेला डबा तू कधी मागच्या रांगेत सरकवलास का?"

"नाही, बाबा."

"मग मला काय विचारतेस? जेवलीस का?"

मी फाइल उंबऱ्याशी ठेवली आणि परतलो. त्या रात्री मला झोप आली नाही. तिला काय होईल याची काळजी होती, हे खरं. पण खरी भीती वेगळी होती. ती बोलली तर पुढचा प्रश्न काय येईल, हे मला माहीत होतं.

सोमवारी ती व्हरांड्यात माझ्या शेजारी बसली. हातात पाण्याची बाटली होती, पण ती वाचत नव्हती. "काका, मी सांगणार आहे," एवढंच म्हणाली. मी फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधत बसलो.

आत गेल्यावर तिनं डबा न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. "शनिवारी पट्टीचा कोपरा मी उचलला, नंबर वाचला, पट्टी फाटली, परत चिकटवली." आवाज इतका बारीक की न्यायाधीशांनी तिला दुसऱ्यांदा बोलायला लावलं. पहिल्या बाकावर बसलेल्या नर्सनं डोळे मिटून घेतले. कंपनीचे वकील उठले.

"साहेब, आता यात उरलं काय? त्यांनी स्वतःच सील तोडलंय."

न्यायाधीश तिच्याकडं बघत होते. "नंबर आधी वहीत का लिहिला नाही? पट्टी कुणी लावली होती?"

मी मागच्या बाकावर होतो. मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. उठायला काय लागतं? मी उठलो नाही. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आमच्या ऑफिसनं लावली, साहेब. नोंद तपासणं माझं काम होतं. मी तपासली नाही."

न्यायाधीशांनी आमचा डबा पुराव्यातून काढला. तिच्याविरुद्ध वकिलांच्या शिस्त समितीकडं कळवायचं असंही लिहिलं. मग ते कंपनीच्या वकिलांकडं वळले.

"या बाईंनी आपल्या डब्याचं सील तुटलंय हे न विचारता सांगितलं. तुमचा डबा सापडत नाही, हे तुम्ही तीन तारखा सांगताय. आठ दिवसांत आणा. नाही आणलात तर त्यातही शिसंच होतं असं मी धरून चालेन."

पाचव्या दिवशी डबा सापडला. पट्टी शाबूत. कोर्टात ती कापली, खाली तोच नंबर. पावडरीत तेवढंच शिसं. दोन आठवड्यांत ती दुकानांतून उचलली गेली. नर्सनं फोन करून सांगितलं की तिनं स्वतः तीन दुकानं फिरून पाहिली.

समितीनं सात महिने लेबलचा जीव टांगणीला लावला आणि सहा महिन्यांसाठी सनद थांबवली. त्या काळात ती कोटाशिवाय ऑफिसात यायची आणि विद्यार्थ्यांना घेऊन एक सूचना लिहायची, की बॅच नंबर झाकणाच्या कडेला नको, डब्याच्या पोटावर मोठ्या अक्षरात हवा. तो नियम पुढं झाला. त्यावर तिचं नाव नाही. रोज ती माझ्यासमोर बसायची आणि रोज मी ठरवायचो, आज बोलायचं. तिला ठाऊक होतं का? असणारच. पट्ट्या लावणारा ऑफिसात मी एकटाच होतो.

सहा महिने संपल्यावर तिला दुसऱ्या गावी ग्राहकांच्या एका संस्थेत काम मिळालं. कपाटाची किल्ली परत द्यायला ती दुपारी आली. मी टेबलावर मधाच्या तीन बाटल्या मांडून पट्ट्या कापत बसलो होतो. आता सांगतो, असं मनात म्हटलं आणि तोंडातून निघालं ते हे:

"गाडीत खायला काही घेतलंत का?"

"घेतलंय." तिनं किल्ली वहीवर ठेवली. "काका, आधी नंबर लिहिलात?"

"लिहिला."

"मग लावा."