अक्षता आणि काळा पडदा

एखादी गोष्ट मेली आहे हे तुम्ही स्वतः पाहून ठरवता, की कुणीतरी सांगितलं म्हणून?

मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो झाशीत, नगरा वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत. मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा नोकरीने कारकून, पण त्यांचा जीव पत्रकं लिहिण्यात. नळ कोरडा पडला, रस्त्यावरचा दिवा गेला, की बाबांचं पत्रक निघायचंच. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. बाकीच्या मुलींकडे रेघांच्या वह्या होत्या. माझ्या पाढ्यांच्या मागे मागण्या असायच्या.

त्या वर्षी आमच्या वस्तीतली प्राथमिक शाळा बंद करून रुळांपलीकडच्या शाळेत मिसळायचं चाललं होतं. कारण काय, तर मुलंच येत नाहीत. कुणी अधिकारी येऊन पाहून गेल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांची सभा होती. तिथे वाटायचं पत्रक बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि त्यात बाबांनी घरोघर फिरून जमवलेली, शाळेत जाणाऱ्या मुलांची यादी होती. मूळ कागद दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीत गेले होते. दतिया गेटजवळचा झेरॉक्सवाला सण असूनही आमच्यासाठी दसऱ्याच्या संध्याकाळी तासभर दुकान उघडणार होता.

पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजतात. आजोबांच्या वेळी अडकित्ता आणि विळी असायची, आमच्या वेळी त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर आला. बाबांनी वायरी काढून तो लख्ख पुसला, वायरींचं वेटोळं त्याच्या डोक्यावर ठेवलं. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली. अक्षता टाकायचा मान माझा. मी चांगल्या मूठभर टाकल्या.

दसऱ्याच्या दुपारी बाबांनी वायरी जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, एक बारीक टुक ऐकू आलं, स्पीकरमधून रोजची धूनही वाजली. पडदा मात्र काळाच. मॉनिटरचा हिरवा दिवा क्षणभर लागला आणि पिवळा झाला.

बाबांनी बंद करून पुन्हा चालू केलं. ब्राइटनेसची चकती फिरवली. भिंतीतला प्लग दुसऱ्या जागी लावून पाहिला. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो कुठल्या तरी मेळ्याच्या गर्दीत होता. त्याने अर्धं ऐकलं आणि निकाल दिला, "बाबूजी, ट्यूब गई समझो. परसों नया दिखा देंगे."

बाबा खुर्चीत बसून राहिले. यादी पुन्हा जमवायला आठवडा लागला असता.

श्रीखंडाच्या हातानेच आई बाहेर आली. "तो म्हणाला आणि तुम्ही मानलंत?" ती म्हणाली. "शाळेचंही असंच कुणीतरी फोनवर ठरवलं असेल."

बाबांना ते लागलं. त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबून कान दिला. मग म्हणाले, "धून वाजतेय म्हणजे आत सगळं ठीक आहे. खोट वाटेत कुठेतरी आहे."

सगळं बंद करून त्यांनी मॉनिटरच्या वायरीचं निळं टोक कॉम्प्युटरमागून काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. आतल्या बारीक दांड्यांच्या मधोमध कुंकवासकट वाळून चिकटलेला तांदळाचा एक दाणा होता. त्याच्यामुळे टोक आत पुरतं बसतच नव्हतं.

माझं तोंड बघून बाबा म्हणाले, "कॉम्प्युटरला जेवायला घातलंस होय गं?"

आईच्या सुईने त्यांनी तो दाणा अलगद काढला, एकही दांडी वाकू न देता. टोक घट्ट बसवलं, बटण दाबलं. काळ्या काचेवर आधी मधोमध एक पुसट उजेड आला, मग तो पसरत गेला. पत्रक जसंच्या तसं होतं. बाबांनी प्रिंटरवर त्याची एक प्रत काढली. बाबा सायकलवर निघाले तेव्हा मी मागे बसले होते, कागद छातीशी धरून.

सभेत यादी मोठ्याने वाचली गेली. आपल्या मुलाचं नाव आलं की आया हात वर करत होत्या. शाळा त्या वर्षी टिकली. पुढे काही वर्षांनी गेली, आणि तेव्हा यादी करणारं कुणी उरलं नव्हतं. बाबाही नव्हते. तो पोट सुटलेला मॉनिटर भंगारात गेला. मी आता लॅपटॉपवर लिहिते, खंडेनवमीला त्याचीही पूजा करते, अक्षता लांबूनच टाकते. ती धून मात्र अजून ऐकावीशी वाटते. पडदा काळा असताना ती वाजत होती, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या भागातली शाळा मुलं येत नाहीत म्हणून बंद करायची ठरत असेल, तर उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी तिच्या दारात जाऊन उभे राहा. येणाऱ्या मुलांची नावं विचारा आणि लिहून घ्या.