उताण्या बेडकांपाशी बसणारा केदारी

केदारी कोलकाराला आपल्या बायकोला एकच वाक्य सांगायचं होतं: "पारू, माझ्या मनात तसं नव्हतं." एवढंसं वाक्य, पण सांगायला त्याला दहा वर्षं लागली. दहा वर्षांत माणसं घरं बांधतात, मुलींची लग्नं उरकतात, निवडणुकीला दोनदा उभं राहून दोनदा आपटतात. केदारीनं काय केलं, तर धारवाडच्या एका कॉलेजात बेडूक उताणे घातले. ऐकणारा हसेल. हसू दे.

गोष्ट त्र्याहत्तर सालापासूनची. तेव्हा केदारी हुबळीत थोरल्या भावाच्या, नागोजीच्या घरात राहायचा आणि नोकरीला रोज धारवाडला जायचा. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो शिपाई होता. बायको पारूबाई बहिणीच्या बाळंतपणाला बेळगावला गेली, ती आठ दिवसांचे पंचवीस दिवस करून आली, आणि थोरल्या जावेला न विचारता राहिली. तिचा गुन्हा म्हणायचा तर एवढाच. पण नागोजी राईचा पर्वत करण्यात पटाईत. त्यानं वस्तीतल्या विहारात बैठक बसवली.

बाळाप्पा हे वस्तीतले वडीलधारे. नवरा-बायकोच्या भांडणात त्यांची एक रीत होती. नवऱ्याला एकच प्रश्न, तोही तीनदा विचारायचा: नांदवणार काय? तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर 'नाही' असं धरायचं आणि उठायचं. पूर्वी म्हणे बैठकी दोन-दोन दिवस चालत, लोकांच्या हजेऱ्या बुडत. त्यावर बाळाप्पांनी काढलेला हा तोडगा. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

केदारी घरातून निघाला तोच 'होय' म्हणायचं ठरवून. पण समोर तीस-चाळीस माणसं, मधोमध नागोजीचे वटारलेले डोळे, आणि बाळाप्पांनी तोंड उघडताच केदारीचे हातपाय गार पडले. जीभ टाळूला चिकटली. कानांना सगळं ऐकू येत होतं, बाहेर कुणी सायकल भिंतीला टेकवली तेही. ओठ मात्र हलेनात. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही मिळून एक मिनिटसुद्धा झालं नसेल. पारूबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग उठली आणि निघून गेली. अर्ध्या तासानं केदारीचं अंग सुटलं तेव्हा विहार रिकामा झाला होता आणि नागोजी पाठीवर थाप मारून "शाबास" म्हणत होता.

त्यानंतर त्यानं भावाचं घर सोडलं. धारवाडात सुभाष रोडच्या मागं एक खोली घेतली. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन सदरे. सकाळी भाकरी खाणावळीत, रात्री उरलेली चहाबरोबर. शेजारीपाजारी नाव ओळखत, पण आत येऊन बसण्यासारखं कुणी नव्हतं, आणि त्यानंही कुणाला बसा म्हटलं नाही. सणाला कुणी जेवायला बोलावलं तर पोटाचं निमित्त सांगायचा. इतक्या वेळा सांगितलं की लोक त्याला खरंच पोटाचा रोगी समजू लागले.

पुढं बेळगावला माहेरी पारूबाईची आई वारली आणि ती हुबळीला परत आली, दुर्गदबैलाच्या बाजारात एका धान्याच्या दुकानात निवडण-टिपण करते, असं त्याला कळलं. धारवाडाहून हुबळी म्हणजे चाळीस मिनिटांचा रस्ता. तो चार वेळा बसमध्ये बसला. चारही वेळा हुबळीच्या अलीकडं उणकलचं तळं आलं की हा गडी उतरून परतीची बस धरायचा. जाऊन सांगणार काय? तोंड होतं, जीभ होती, मग बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं तर? त्याचं उत्तर त्याच्याकडेच नव्हतं. सगळी वस्ती म्हणत होती की केदारीनं बायको टाकली. ऐकून ऐकून त्यालाही कधी कधी वाटायचं, टाकलीच असेल आपण.

एक्क्याऐंशी साली शालिनीबाई संशोधनाला आल्या. बेळगावच्या एका मास्तरांची मुलगी, चष्मा जाड, आवाज बारीक, कामाला वाघीण. त्यांना हवे होते भेक, म्हणजे आपल्या न्हाणीच्या दगडाखाली निघतात ते खरबरीत पाठीचे बेडूक. केदारी ते केळगेरीच्या तळ्याकाठून आणि माळावरून गोळा करून आणायचा. प्रयोग बघायला सोपा. बेडूक उताणा करायचा, छातीवर दोन बोटं हलकेच दाबायची, मग बोटं काढून घ्यायची. बेडूक तसाच पडून राहतो. पाय ताठ, पोट वर, मेल्यासारखा. मेलेला नसतो, गळ्याची कातडी धडधडत असते. किती वेळानं आपणहून उलटतो ते घड्याळात बघून वहीत लिहायचं.

त्यातल्या काही बेडकांना शालिनीबाई आधी एक सुई टोचत. कुणाला भीतीच्या वेळी अंगात सुटणारा रस, म्हणजे हार्मोन, तर कुणाला नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते केदारीला सांगायचं नाही, म्हणजे त्याच्या मोजण्यात खोट यायला नको. त्याला नियम एकच: बेडकाला बोट लावायचं नाही. तो आपणहून उठला पाहिजे.

हे काम केदारीला चांगलं जमेल असं सगळ्यांना वाटलं. न बोलता तासन् तास बसायला त्याच्याइतका लायक माणूस कॉलेजात दुसरा नव्हता. पहिले काही दिवस ठीक गेले. पण एखादा बेडूक उठेचना, दोन मिनिटं, तीन मिनिटं, पाच मिनिटं, की केदारीच्या हातांना घाम सुटायचा. तो पांढरा गळा धडधडताना बघून त्याला स्वतःच्या छातीत कळ यायची. सगळं ऐकू येत असणार ह्याला, असं वाटायचं. सहा मिनिटं झाली की त्याच्यानं राहवत नसे. इकडेतिकडे बघून तो करंगळी त्याच्या पाठीखाली सरकवायचा आणि हलकेच उचलायचा. बेडूक उलटायचा, केदारी श्वास सोडायचा आणि वहीत लिहायचा: सहा मिनिटं. आपण चूक करतोय हे त्याला कळत होतं. चूक किती मोठी आहे ते कळत नव्हतं.

आठ महिन्यांनी, ब्याऐंशी साली, शालिनीबाई वही घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"केदारीअण्णा, हे बघा. रस टोचलेला असो, मिठाचं पाणी टोचलेलं असो, सहा मिनिटांच्या पुढं एकही बेडूक गेलेला नाही. आठ महिन्यांत एकही नाही. असं होत नाही. तुम्ही हात लावता का?"

झालं. केदारीचे हातपाय गार पडले, जीभ टाळूला चिकटली. नोकरी गेली हा विचार तेवढा डोक्यात घुमत राहिला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुसरं कुणी असतं तर पुन्हा विचारलं असतं, आवाज चढवून. बाईंनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या आणि वही मिटून गप्प खिडकीबाहेर बघत राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेरची तासाची घंटा झाली, मुलं जिन्यावरून धडधडत खाली गेली, पुन्हा शांत झालं.

"हौद्री, होय," केदारी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "लावतो बाई. सहा मिनटांच्या वर मला बघवत न्हाई."

शालिनीबाईंनी कपाळाला हात लावला. आठ महिने पाण्यात गेले होते, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. पण बाई वेगळीच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आत्ता तुमचं काय झालं होतं, ठाऊक आहे?"

"भ्यालो."

"भ्यालात, आणि थिजलात. बेडकाच्या मूत्रपिंडाला चिकटून ग्रंथी असतात. जीव धोक्यात आला की त्यातून रस रक्तात उतरतो. कुणी पळतं, कुणी दबून पडतं. साप हलणाऱ्यावर झडप घालतो, म्हणून पडून राहिलेला कधी कधी वाचतो. आता त्या रसामुळं तो जास्त वेळ पडून राहतो की नाही, तेच तर मला शोधायचंय."

"म्हंजे त्याच्या मनात नसताना अंग थांबतं?"

"मनाला विचारतंय कोण, अण्णा?"

बाईंनी पुढं सांगितलं की हे बेडकांपुरतं आहे, माणसाचं आपण काही सांगू शकत नाही, माणसाचा गुंता फार मोठा असतो. ते त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. आपल्याला हवं तेवढंच ऐकण्याची माणसाची खोड त्यालाही होती. बैठकीतलं ते एक मिनिट आजवर त्याला आपला नीचपणा वाटत आलं होतं. आज कुणीतरी त्याला नाव दिलं होतं, आणि ते नाव शिवी नव्हतं. खोलीवर जाऊन तो खाटेवर बसला आणि पुष्कळ रडला. बरं वाटलं त्याला.

बाईंनी नोकरीला धक्का लागू दिला नाही. काम पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला केदारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. बेडूक सात मिनिटांवर गेले, नऊवर गेले. एक तर अठरा मिनिटं पडून राहिला. मागाहून कळलं की तो रस टोचलेला होता. केदारी अठरा मिनिटं घामानं निथळत बसला, पण बोट लावलं नाही. बेडूक आपणहून उलटला आणि टोपलीखाली जाऊन बसला.

त्र्याऐंशीच्या दिवाळीआधी केदारी पाचव्यांदा हुबळीच्या बसमध्ये बसला. उणकल आलं, त्यानं पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून ठेवली. बस सुटली. दुर्गदबैलात हातगाड्यांची नुसती रेटारेटी, तागाच्या पोत्यांचा वास, हमालांची आरडाओरड. दुकानाच्या पायरीशी पारूबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. केस कानशिलाकडे पांढरे झाले होते. तिनं वर पाहिलं आणि सूप थांबलं.

"आलासा," ती म्हणाली. "बसा."

तो पोत्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. बेडूक, ग्रंथी, रस, सुई, सगळं. मध्ये मध्ये अडखळला, पण थांबला नाही. शेवटी म्हणाला, "माझ्या मनात तसं नव्हतं पारू. अंगच थिजलं हुतं."

पारूबाई सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "तुमचा त्यो बेडूक, जास्तीत जास्त किती वेळ पडला?"

"अठरा मिनटं."

"मग?"

"मग उठला."

"कुणी उठीवला?"

"कुणी न्हाई. आपणच."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. "तुमचं व्हट पांढरं पडल्यालं मला दिसलं. ह्यो न्हाई म्हणत न्हाई, ह्यो भ्यालाय, हे तितंच कळलं मला. त्यापायी शेजाऱ्याला काय, माझ्या भावाला काय, कुणालाच तुमच्याबद्दल वाईट बोलू दिलं न्हाई म्या. भ्यालाय, सुटंल, आन् मागनं येईल, म्हणून स्टँडवर बसले. बेळगावच्या दोन गाड्या सोडल्या. तिसरी शेवटची हुती."

केदारीनं मनात हिशेब केला. त्याचं अंग अर्ध्या तासात सुटलं होतं. विहारापासून स्टँड चालत वीस मिनिटांवर होतं. आणि तो नागोजीच्या घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला होता. दहा वर्षं तो त्या एका मिनिटाचा जाब शोधत होता, आणि तिनं ते मिनिट त्याच दिवशी माफ करून टाकलं होतं. तिला हवा होता तो त्यानंतरच्या दोन तासांचा जाब. त्याला उत्तर कुठल्याही ग्रंथीत नव्हतं.

"चल घरी," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला, शेजारच्या हमालानं वळून पाहिलं.

पारूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"त्या दिशी स्टँडवर आला असतासा तर पळत आले असते," ती म्हणाली. "आता हुबळीला आलासा तर भेटत जावा. पर न्यायला म्हणून येऊ नगा."

आतून दुकानदारानं हाक मारली. ती सूप उचलून बसली. केदारीनं पाणी संपवलं, तांब्या पायरीवर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत स्टँडकडे निघाला.