सात रंगांचा झेंडा

काल जुनी ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास आला. तळाशी आमच्या कामगार ग्राहक सोसायटीचा, सहकाराचा सात रंगांचा झेंडा होता. सोसायटीचं चिंचवडचं दुकान बंद झालं तेव्हा सेक्रेटरी म्हणून तो माझ्याकडेच राहिला.

झेंडा हातात घेतला की मला ज्ञानोबा दिसतो. लातूरकडचा, आमच्याच कारखान्यातला कंत्राटी कामगार. वार्षिक सभेच्या सकाळी कँटीनच्या पत्र्यावर चढून त्यानंच तो बांधला होता. कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायचं का, हा त्या दिवशीचा ठराव होता. ‘सहकाराचं दार सर्वांना उघडं’ हे कँटीनच्या भिंतीवर मीच रंगवलं होतं. मतदान हात वर करून होतं. माझ्या रांगेतला कुणीच हात वर करेना, म्हणून मीही माझा मांडीवरच ठेवला. ठराव थोडक्या मतांनी पडला.

ज्ञानोबा दाराबाहेर उभा होता. आमचे चेहरे बघून त्याला कळलं. पत्र्यावर चढून त्यानं झेंडा सोडला, पायरीवर बसून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

“जपून ठेवा राव, रंग विटतेत,” एवढंच बोलला.

तेव्हा वाटलं होतं, माझ्या एका हातानं असं काय झालं असतं?

आता माझा मुलगा चाकणला कंत्राटावर आहे. परवा जेवताना म्हणाला, “बाबा, कायमवाल्यांच्या सोसायटीत आम्हाला घेत नाहीत.”

काल झेंडा खिडकीशी नेऊन उलगडला. एकही रंग विटलेला नाही.