यंत्रांचं पंचांग

आमच्या डोंगरकड्यात पाडव्याच्या सकाळी मारुतीच्या पारावर पंचांग वाचतात. जोशीबुवा येतात, यंदा कुठलं धान्य महागणार, पाऊस कसा पडणार ते सांगतात, आणि दरवर्षी पाऊस मध्यमच असतो. लोक कडुनिंब-गूळ चघळत ऐकतात आणि आपापल्या घरी जातात. म्हणजे पूर्वी जात. अलीकडं जोशीबुवांचं आटोपलं तरी कुणी उठत नसे. सगळे व्यंकटरावाकडं बघत.

व्यंकटराव माझा शेजारी. माझं शिलाईचं दुकान आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. त्याच्या दुकानाला नुसतं 'त्याचं दुकान' म्हणायचं, कारण आत काय चालतं ते दर काही वर्षांनी बदलतं. आधी एसटीडीचा बूथ होता, मग फोटो स्टुडिओ, मग झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज. माणूस बारावी नापास, पण कुठलंही नवं यंत्र दिसलं की उघडून आत बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्याच्या बायकोचा, द्वारकावहिनींचा, मिक्सर त्यानं तीनदा खोलला आणि दोनदाच जोडला.

बूथसमोर रांग लागायची त्या काळातली गोष्ट. जोशीबुवांचं वाचन संपलं आणि हा पारावरून सहज बोलला, "धा-पंधरा सालात हा फोन ज्याच्या त्याच्या खिशात राहील. गुराख्याच्या बी." सगळे पोट धरून हसले. सगळ्यात जास्त मी हसलो. तारेचं दुसरं टोक म्हशीच्या शेपटीला बांधायचं का, असं जोशीबुवांनी विचारलं. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. गावात मोबाइल आला आणि पहिल्यांदा बुडाला तो ह्याचाच बूथ. तरी हा पठ्ठ्या बंद बूथच्या पायरीवर बसून खुशीत मिशा पिळत होता. "म्हनलो व्हतो का न्हाई?" पोटावर पाय आला त्याचं काही नाही. आपण आधी ओळखलं, ह्यातच हा गार.

मग एका पाडव्याला त्यानं सगळ्या गावासमोर माझ्याकडं बोट केलं. "आता ह्याचा नंबर. लोक शिवून घेनार न्हाईत, तयार कपडे घेतील." मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. आज मी पँटी आखूड करतो आणि चेन बदलून देतो. त्याचं खरं ठरलं, आणि त्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण पार म्हणजे काही चहाचं हॉटेल नाही. तिथून सांगितलं जातं ते आमच्या लोकांना ग्रहमानासारखं वाटतं. जोशीबुवांनी अमुक महिना वाईट सांगितला की लोक घराचा पाया खणत नाहीत. तसंच व्यंकटरावाचं व्हायला लागलं. टायपिंग संपणार म्हणाला, तर एकानं पोराला क्लासमधून काढलं. बैल ठेवून उपयोग नाही म्हणाला, तर पुढच्या बाजारात चार जोड्या विकायला उभ्या. लोक माझ्या दुकानात येऊन विचारत, "आज राव हायेत का? पोराला काय शिकवावं ते इचारायचं व्हतं." व्यंकटरावाला ह्या वजनाची भीती वाटायला हवी होती. त्याला ते आवडायला लागलं. "जोशीबुवा गोलगोल सांगतेत. मी खोटं सांगत न्हाई," असं तो छाती काढून म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला तो म्हणाला, "आता काम आपल्या गावात येनार. पोरींनी खुर्चीवर बसून यंत्राला शिकवायचं. यंत्राला आपली बोली येत न्हाई, ती आपल्याच पोरी शिकवतील."

आणि नुसतं म्हणून थांबला नाही. कुठल्याशा कंपनीशी बोलून त्यानं दुकानामागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडले. गावातल्या पाच-सहा पोरी कानाला हेडफोन लावून बसायला लागल्या. शेतकरी खताबद्दल, विम्याबद्दल फोनवर बोललेले असत, ते ऐकायचं आणि जसंच्या तसं लिहायचं. माणूस चिडलाय की नुसता मोठ्यानं बोलतोय तेही लिहायचं. आमच्याकडचे लोक 'जेवलात का' हेही भांडल्यासारखं विचारतात, त्यामुळं यंत्राचा सारखा घोटाळा व्हायचा आणि पोरी हसून हसून बेजार. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं ऐकत मी चेन बसवायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस छान होते.

त्या पोरींत संगिता होती. गावामागच्या तांड्यावरची, पेमाची मुलगी. तांड्यावरची बरीच माणसं दसऱ्याच्या सुमाराला ऊस तोडायला कारखान्यांकडं निघतात. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरते. टोळी जमवणारा मुकादम एकट्या माणसाला विचारत नाही, जोडीच लागते. म्हणून पोरगी वयात आली की लग्न, आणि लग्न झालं की उसाचा फड. संगिताचं लहानपण फडातल्या कोपीतच गेलं, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. तिच्या आईची, रूपाबाईची, मान मोळ्या वाहून एका बाजूला कलली ती कललीच. संगिता बारावी झाली तेव्हाच पेमानं तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. पण त्या पाडव्याला तो पारासमोर उकिडवा बसला होता. त्यानं व्यंकटरावाचं ऐकलं आणि मुलीचं लग्न लांबवलं. तांड्यावर लोकांनी त्याला नावं ठेवली. "रावांनी पारावरून सांगितलंय," एवढंच तो म्हणायचा.

संगिता सगळ्या पोरींत हुशार निघाली. कॉलेजात बाहेरून नाव घातलं होतं, दुपारी डबा खाताना पुस्तक उघडायची. एकदा ब्लाउजचं माप द्यायला आली तेव्हा मी तिला सहज विचारलं, "काय गं, पुढं काय करनार?" ती म्हणाली, "काय बी करीन काका. फक्त कोपीत जानार न्हाई."

सव्वा वर्ष काम चाललं. मग ते आटत गेलं. आधी दिवसाआड आलं, मग आठवड्याला, आणि यंदा श्रावणात थांबलं. व्यंकटरावानं कंपनीला फोन लावला. तिकडून सांगितलं, यंत्र आता तुमची बोली शिकलंय, धन्यवाद. दुसऱ्या दिवशी त्यानं खताच्या मदतकेंद्राचा नंबर फिरवला आणि मला ऐकवला. पलीकडून यंत्र आमच्याच बोलीत बोललं, "बोला भाऊ, काय तकलीफ हाय?" असं गोड बोललं की माझ्या अंगावर काटा आला. पोरी एकेक करून यायच्या बंद झाल्या. संगिता तेवढी रोज येत राहिली. बंद कॉम्प्युटरवरची धूळ पुसायची, पुस्तक वाचायची, संध्याकाळी परत जायची.

पोळा झाला आणि पेमा आला. मागं संगिता होती. मी शर्टाला काज करत होतो, ते तसंच टाकून व्यंकटरावाच्या दुकानात जाऊन बसलो, कारण पेमाचा चेहराच तसा होता. द्वारकावहिनी चहा घेऊन आतल्या दारात उभ्या राहिल्या.

पेमा म्हणाला, "मुकादम येऊन गेला. त्या पोराकडचे बी घाई करून राहिले. टोळी निघायच्या आत जोडी करून टाका म्हन्तेत. पन मी तुमच्या शब्दावर थांबलेला मानूस. तुमी सांगा, काम परत येनार का? तुमी व्हय म्हना, मी मुकादमाला न्हाई म्हन्तो. अजून एक साल थांबतो."

इतकं सोपं होतं. एक 'व्हय' म्हणायचं होतं. मी व्यंकटरावाच्या बरगडीत कोपर मारलं. वहिनींनी तर तोंडानंच म्हटलं, "येईल की, दिवाळीनंतर येईल. सांगा ना." संगिता खाली बघत होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

व्यंकटरावानं मागच्या खोलीतल्या बंद कॉम्प्युटरांकडं बघितलं. मग म्हणाला, "पेमा, मी आजवर खोटं सांगितलं न्हाई. हे काम परत येनार न्हाई. यंत्र शिकलं, आता त्याला पोरींची गरज न्हाई."

वहिनींनी चहाचा पेला आपटला. व्यंकटरावाला बहुतेक आपण काय केलं ते तेव्हा कळलं, कारण तो घाईनं पुढं बोलायला लागला. तो पोरीला वाचवायलाच बोलत होता, हे मी शपथेवर सांगतो. "पन म्हनून तिला उसात धाडू नको. ऊस तोडायचं यंत्र आलंय. धा जोड्यांचं काम एकटं ओढतंय. चार-पाच सालात कोयता बंद. मरत्या धंद्यात पोरगी कशापायी घालतूस? शिकू दे तिला."

पेमानं मान हलवली. त्याला पटलं होतं. त्याला व्यंकटरावाचं नेहमीच पटायचं.

"म्हंजी कोयता बी जानार?"

"जानार."

"बराबर सांगता ना?"

"बराबर."

"मग तर यंदाच धाडाय पाहिजे," पेमा म्हणाला. "काम हाय तवर चार सालं कमवून घेतील. मागून गेली तर तिथं बी काही उरायचं न्हाई." आणि तो उठला. त्यानं व्यंकटरावाला हात जोडले. उपकार झाल्यासारखे जोडले.

व्यंकटराव त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावला. तसं नाही, तसं नाही रे, असं म्हणत होता. मी स्वतः दोनदा तांड्यावर गेलो. वहिनी रूपाबाईच्या पाया पडायच्या बाकी राहिल्या. पण एवढी वर्षं ज्याचा शब्द खरा ठरला, त्यानं स्वतः सांगितलं होतं की कोयता संपत आलाय, आता एका शिंप्याचं आणि बायकांचं कोण ऐकणार? भादव्यात कुणी लग्न करत नाही. पण टोळीला जोडी हवी होती, म्हणून मुहूर्त न बघता लग्न उरकलं. जेवणावळ नाही, वाजंत्री नाही. व्यंकटराव गेला नाही. मी गेलो. संगिता रडली नाही, आणि ते मला जास्त लागलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "रावकाकांना सांगा, त्यांचं काही चुकलं न्हाई." ते मी व्यंकटरावाला सांगितलं. मुद्दाम सांगितलं. त्याला ते टोचावं असं मला वाटत होतं.

टोळी गेली. दिवाळी झाली, थंडी पडली. पुसाच्या महिन्यात एका दुपारी व्यंकटराव माझ्या दुकानात बसला होता आणि त्याचा फोन वाजला. संगिता होती. त्यानं फोन मलाही ऐकू येईल असा मशीनवर ठेवला. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काका, यंत्र आलं इथं," ती म्हणाली. "सपाट रानं सगळी यंत्राला गेली. आमाला बांधाबांधाची, चिखलाची वावरं देऊन राहिले, जिथं यंत्र रुततं तिथली. तुमी चार-पाच सालं म्हनला व्हता, यंदाच आलं."

"तू कशी हायेस पोरी?" व्यंकटरावानं विचारलं.

तिनं तिकडं कुणाला तरी 'आले, आले' म्हटलं. मग म्हणाली, "लेकरू व्हनार हाय मला. मोळी उचलताना डोळ्याम्होरं अंधारी येते. त्याच्यासाठीच फोन केला. काका, ते मोठं व्हईल तवा त्याला कोन्तं काम राहील? कशात घालू त्याला? तुमाला म्होरलं दिसतं म्हनून इचारते."

मी व्यंकटरावाकडं बघितलं. त्याला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं, कारण गेले कितीतरी दिवस तो मला तेच सांगत होता, की आता हाताचं काम जाणार, मग डोक्याचं जाणार, आणि आपल्यासारख्यांना यंत्राला नको असेल तेवढंच उरणार.

"लई कामं राहतील," तो म्हणाला. "शिकव त्याला. लई चांगले दिवस येनार हायेत, पोरी."

"बराबर सांगता ना?"

"बराबर सांगतो."

"मग झालं," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. मुकादमानं कुणाला तरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

व्यंकटराव माझ्या मशीनवर डोकं ठेवून रडला. साठीचा माणूस, भर दुपारी, रस्त्यावरून लोक बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, असं तो म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण मला त्याचा राग आला होता. असलंच एक खोटं पोळ्यानंतर पेमासमोर बोलला असता, तर पोरगी आज घरी असती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्यालाही ते ठाऊक असणार.