ग्वेल्फमधला त्यागेशाचा रथ

ज्या वर्षी माझी नोकरी गेली, त्या वर्षी मी देवाला नमस्कार करणं सोडून दिलं. फार राग होता असं नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच. कॅनडातल्या ग्वेल्फमध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एक्सलची, म्हणजे चाकांच्या आसांची, डिझाइन करायचो. मंदी आली आणि एका सकाळी आमचं अख्खं डिपार्टमेंट खोक्यात सामान भरून घरी गेलं. मग दिवसभर जिथे तिथे अप्लाय करायचं, बर्फ पडला की ड्राइव्हवे शोव्हल करायचा, आणि मेधा युनिव्हर्सिटीतल्या लॅबमधून परत यायच्या आत चेहरा नीट करून ठेवायचा, असं चाललं होतं. मेधा माझी बायको. ती मला काही विचारत नसे, आणि त्याचाच मला जास्त त्रास होई.

रविवारी ती आणि आमची दहा वर्षांची ईरा देवळात जात. गावाबाहेर शेतांच्या कडेला, एक जुनं गोदाम विकत घेऊन तमिळ मंडळींनी ते त्यागेशाचं, म्हणजे शिवाचं, देऊळ केलं होतं. गाडी चालवायची म्हणून मी बरोबर जाई, पण आत न जाता चपलांच्या रॅकजवळच्या बाकावर बसून राही. तिथेच एका रविवारी एक वृद्ध गृहस्थ शेजारी येऊन बसले. कपाळाला भस्म, अंगात जाडजूड विंटर जॅकेट आणि खाली लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, “तुम्ही मराठे ना?”

उच्चार तमिळ, शब्द मात्र आपले, आणि त्यातले कितीतरी मी फक्त जुन्या पोथ्यांत वाचलेले. ते होते रावआजोबा. तंजावरच्या मराठी राजांबरोबर दक्षिणेत गेलेल्या घराण्यातले. अनेक पिढ्या तिकडेच वाढलेल्या, घरात मात्र मराठीच. त्यांचा जन्म तंजावरजवळच्या तिरुवारूरचा. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते ग्वेल्फला मुलाकडे राहत होते, आणि लांबचा विमानप्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यानंतर दर रविवारी आमची बैठक जमू लागली. ते बोलायचे, मी ऐकायचो. देवळाएवढंच मोठं कमळांचं तळं, त्यात दिव्यांनी सजवलेला तराफा आणि तराफ्यावर फिरणारे देव. कमरेला लाकडी घोडा बांधून, पायांखाली लाकडाचे खूर घेऊन नाचणारे पोइक्काल कुदिरैवाले. “तो नाच आपल्याच लोकांनी तिकडं नेला, असं आमच्या गावात म्हणतात,” हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. आणि सगळ्यात शेवटी तिथल्या त्यागेशाचा रथ. घरांच्या छपरांवरून कळस दिसावा असा उंच, हजारो माणसांनी जाडजूड दोरांनी ओढायचा, चार रस्त्यांवरून फिरून आपल्या जागी यायला पार दमवणारा. सांगता सांगता ते आपली कृश बोटं दोर धरल्यासारखी मिटत.

एकदा ते म्हणाले, “इथल्या त्यागेशालाही एक रथ हवा. लहानसा. तुम्हाला चाकं करतां येतील की.”

“आजोबा, मी कॉम्प्युटरवर एक्सल काढायचो. सुताराचं काम मला येत नाही.”

“शिकाल,” ते म्हणाले. झालं. त्यांच्या दृष्टीने ते ठरलंच.

पुढचे चार महिने मी बेसमेंटमध्ये होतो. देवळातल्या इतरांनी रथाचा सांगाडा आणि शिखर केलं, चार चाकं माझ्याकडे आली. मेपलच्या जाड फळ्या जोडून मी ती भरीव चाकं बनवली आणि भोवती लोखंडी पट्टी स्क्रूने आवळली. देवावर माझा विश्वास नव्हता, पण सकाळी उठायला कारण मिळालं होतं. मेधा वरून चहा आणून द्यायची आणि लाकडाचा भुसा केसांत घेऊन जायची. कित्येक दिवसांनी आम्ही हसायला लागलो होतो.

उत्सव जुलैतल्या एका शनिवारी होता. तिकडच्या तिथीप्रमाणे मार्च-एप्रिलात रथ काढला असता तर तो बर्फात रुतला असता! त्याआधीच्या बुधवारी संध्याकाळी आम्ही पार्किंग लॉटमध्ये मूर्तीशिवाय रथ ओढून पाहिला. वीसेक पावलं गेला असेल, तोच बंदुकीच्या गोळीसारखा आवाज झाला आणि पुढचं डावं चाक मधोमध फाटलं. रथ एका बाजूला कलला. कोणाला लागलं नाही. पण मी बाकीची चाकं तपासली, तर त्यांच्याही फळ्यांमध्ये फटी पडलेल्या. बेसमेंटच्या हीटिंगने ओलसर लाकूड आटत गेलं होतं, आणि इंजिनियर म्हणवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

सगळे जण समजुतीने बोलले, तेच मला सहन होईना. मी रावआजोबांना म्हणालो, “तुम्ही चुकीच्या माणसाला काम दिलंत. माझ्या हातून आता काही धड होत नाही.”

त्यांनी फाटलेल्या चाकावर हात फिरवला. “अजून दोन दिवस आहेत,” म्हणाले. “त्याला यायचं असेल तर तो येईल. तुम्ही उद्या सकाळी उठा म्हणजे झालं.”

गुरुवारी सकाळी उठलो. चाक गाडीच्या ट्रंकमध्ये टाकलं आणि लाकडाच्या वखारीकडे निघालो. तिथे जाऊन काय करणार, हे मलाच माहीत नव्हतं. वाटेत पुढे एक काळी घोडागाडी आली. त्या भागात जुन्या पद्धतीने राहणारे मेनोनाइट शेतकरी आहेत. मोटार वापरत नाहीत, घोडागाड्यांतून फिरतात. कित्येक वर्षं मी त्या रस्त्याने जात होतो आणि घोडागाडी दिसली की ओव्हरटेक करत होतो. त्या दिवशी समोरून एकामागून एक ट्रक येत राहिले, मला पुढे जाता येईना. चरफडत मागून जाताना नजर खाली गेली. लाकडी चाकं! सडपातळ आऱ्यांची, लोखंडी धाव, म्हणजे पट्टी, चढवलेली चाकं, जराही न डगमगता फिरत होती. मी ओव्हरटेक करायचा विचार सोडला आणि त्या गाडीच्या मागोमाग थेट एका शेतात शिरलो.

उतरले ते साठीचे, दाढीवाले, रुंद काठाची टोपी घातलेले गृहस्थ. नाव एमॉस. आणि ते चाकंच बनवायचे! माझं चाक त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. “लाकडाला घाई केलीस,” ते इंग्रजीत म्हणाले. “आणि पट्टी स्क्रूने का बसवलीस? ती तापवून चढवायची असते. यावर बसणार कोण?”

मी सांगितलं, आमचा देव. त्यांनी चाक खाली ठेवलं.

“आमच्यात मूर्ती नसते,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“ओढणार कोण?”

“देवळातली माणसं. म्हातारी, पोरंबाळं, सगळे.”

“मग ते तुटता कामा नये,” असं म्हणून ते चाक उचलून आत घेऊन गेले.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वाळवलेल्या फळ्या होत्या. त्यांतून त्यांनी नवं चाक घडवलं, मी देवळातून आणलेली बाकीची तीन सरळ केली. मग भट्टीत लोखंडी धाव लालभडक होईपर्यंत तापवली, चिमट्याने उचलून लाकडावर चढवली आणि मला ओरडून सांगितलं, “पाणी!” मी बादली ओतली. वाफेचा लोट उठला, लोखंड आकसलं, आणि लाकूड करकरत आवळलं जाऊन फळ्यांमधल्या फटी माझ्या डोळ्यांदेखत मिटल्या. मी लहान मुलासारखा ओरडलो. ते गालात हसले. मोबदल्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, “आज गवताचे गठ्ठे आत घ्यायचेत. हात लाव.” मी अंधार पडेपर्यंत गठ्ठे वाहिले, आणि इतकी गाढ झोप मला वर्षभरात लागली नव्हती.

शनिवारी उन्हं छान होती. टोरांटोहून सनईसारखं नादस्वर वाजवणारे आले होते. रथावर केळीचे खांब, झेंडूच्या माळा. दोर धरायला आमच्या तमिळ मंडळींबरोबर रस्त्यापलीकडची दोन कॅनेडियन कुटुंबंही आली होती. ढोल वाजू लागला आणि गर्दीतून एक पुठ्ठ्याचा घोडा उड्या मारत बाहेर आला. घोड्यावर लाल फेटा बांधलेली मेधा! लाकडी खुरांवर नाचणं तिला जमणार नव्हतं, म्हणून ती साध्या पायांनीच नाचत होती, पण काय नाचत होती!

“बाबा, इज दॅट आई?” ईराने डोळे विस्फारून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आईमागे पळाली.

रावआजोबा व्हीलचेअरवर होते. दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी थरथरत्या आवाजात हाक दिली, “आरूरा!” आणि सगळे गरजले, “त्यागेशा!” तिरुवारूरात, म्हणजे जुन्या आरूरात, रथ ओढताना अशीच हाक देतात म्हणे. रथ हलला.

चाकाखाली ठोकळा सारून रथ वळवायचं आणि थांबवायचं काम माझ्याकडे होतं. मी कमरेत वाकून पुढच्या डाव्या चाकाबरोबर चालत होतो. प्रत्येक खड्ड्याशी ठोकळा तयार धरत होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. लोक नाचत होते, नारळ फुटत होते, आणि मला फक्त लाकूड आणि लोखंड दिसत होतं. तिसऱ्या वळणावर रथ थांबला, तेव्हा खांद्यावर हात पडला. रावआजोबांनी व्हीलचेअर माझ्याजवळ आणवली होती.

“चाकाकडं किती पाहाल? चाक चालतं आहे,” ते म्हणाले. “वर पाहा.”

मी मान वर केली. फुलांच्या राशीतून शिव आणि पार्वती, आणि दोघांच्या मध्ये, आईबापांच्या आधाराने उभा, वीतभर उंचीचा बाळ स्कंद. चार महिने त्यांच्यासाठी राबलो होतो आणि मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी ठोकळा शेजारच्या माणसाला दिला आणि जाऊन दोर धरला. उरलेला रस्ता चाकाचं काय होतंय हे मी पाहिलं नाही. रथ सुखरूप देवळात परतला.

नोकरी मला पुढच्या वसंतात लागली. तिचा आणि रथाचा संबंध मी जोडत नाही. त्या ट्रकांनी मला रस्त्यावर का अडवलं, तेही मला ठाऊक नाही. एमॉसना विचारलं तर म्हणतील, गुरुवारी ते नेहमीच त्या रस्त्याने गिरणीवर जाऊन येतात. असेलही. मला एवढंच कळतं की मी पार थकलो होतो तेव्हा वेगळ्या देवाला मानणाऱ्या एका माणसाने आमच्या देवासाठी भट्टी पेटवली, आणि आपलं गाव पुन्हा दिसणार नाही हे माहीत असलेल्या एका आजोबांनी मला उठायला सांगितलं. त्या दोघांचा मी कायमचा ऋणी आहे. आजही हातून होईल तेवढं मी जीव लावून करतो. मग ते काम त्यागेशावर सोपवतो, आणि वर पाहतो.